लहान अंगणांतला गुलाब

गुलाब लावावयाचा म्हटलें कीं आपल्यापैकीं बहुतेकांच्या डोळ्यांपुढें एकच चित्र उभें राहतें: हातभर लांबीचा सरळ देंठ, त्याच्या टोकाशीं एकच टपोरी, निमुळती कळी, आणि ती पुरती उमलण्यापूर्वींच कापून फुलदाणींत ठेवलेली. रोपवाटिकेंत गेल्यावर पालक हेंच झाड मागतात, प्रदर्शनांत बक्षीस बहुधा ह्याच फुलाला मिळतें, आणि गुलाबावर निबंध लिहिणारा विद्यार्थीही ह्याचेंच वर्णन करतो. ह्या जातींना हायब्रिड टी म्हणतात. त्यांच्या रूपाविषयीं आमची तक्रार नाहीं. आमचें म्हणणें एवढेंच कीं, ज्या घरापुढें चार हात लांब नि तीन हात रुंद एवढीच माती उरली आहे, त्या घरानें ह्या गुलाबाच्या नादीं लागूं नये. त्या जागेला शोभणारा गुलाब निराळा आहे. त्याचें झुडूप आटोपशीर व बुंध्यापासून फांद्यांनीं भरलेलें असतें. आणि त्याचें फूल जुन्या धाटणीचें, म्हणजे वाटीसारखें उघडणारें, पाकळ्यांनीं दाटलेलें व सुवासिक असतें.

मोठ्या बागेंत प्रदर्शनी गुलाबाचे ताटवे दूर असतात. तेथें झाडाचे पाय उघडे पडले तरी कोणी पाहत नाहीं. लहान अंगणांत मात्र प्रत्येक झाड दाराशींच उभें असतें. येतां जातां तें दिसतें, आणि बहर ओसरल्यावर चार बोडक्या काठ्या नि शेंड्याला दहा पानें एवढेंच दिसतें. उलट झुडुपी गुलाब फुलें नसतांनाही हिरवा राहतो, आणि फुलें आलीं म्हणजे एका वेळीं दहापंधरा येतात. त्यांतून चार देवाला, दोन शेजारीं व एखादें वेणींत गेलें तरी झाड रितें होत नाहीं.

सुवासाची गोष्ट याहून महत्त्वाची आहे. गेल्या शतकांत कलमकारांनीं रंग, देंठाची लांबी आणि कापलेलें फूल किती दिवस टिकतें यांवर लक्ष ठेवून निवड केली. त्या निवडींत वासाकडे पुष्कळदां दुर्लक्ष झालें. बाजारांतून आणलेला तांबडाभडक गुलाब नाकाशीं नेल्यावर मुलांचा हिरमोड होतो तो ह्यामुळें. २०१५ सालीं फ्रान्समधील संशोधकांनीं ‘पापा मेयाँ’ हा सुवासिक गुलाब व ‘रूज मेयाँ’ हा जवळजवळ निर्गंध गुलाब यांच्या पाकळ्यांची तुलना केली. जिरॅनिऑल नांवाचें सुगंधी द्रव्य घडविण्यास मदत करणारें एक विकर सुवासिक फुलांत भरपूर काम करीत होतें, दुसऱ्यांत तें जवळजवळ निजलेलें होतें. हेंच जिरॅनिऑल खानदेशांतील रोशा गवताच्या तेलांतही असतें. तेव्हां तो वास आपल्याला अगदींच परका नाहीं.

आतां अशा झुडुपी गुलाबाचें कूळ पाहूं. हिंदी महासागरांत मॉरिशसजवळ रीयुनियन नांवाचें बेट आहे. पूर्वीं त्याला बूर्बाँ म्हणत. तेथील शेतकरी कुंपणाला दोन जातींचे गुलाब लावीत: एक वर्षांतून दोनदां फुलणारा दमास्क, दुसरा चीनचा सदाबहार. कुंपणांत शेजारीं शेजारीं वाढतांना त्यांचा आपोआपच संकर झाला. १८१७ च्या सुमारास ब्रेआँ नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाची नजर त्यावर गेली, आणि त्याचें बीं पॅरिसकडे ओर्लेआँच्या ड्यूकचा माळी झाक याजकडे पोंचलें. त्यांतून बूर्बाँ गुलाबांचें घराणें निघालें. दमास्काचा सुवास आणि चिनी गुलाबाची पुन्हां पुन्हां फुलण्याची खोड, दोन्ही त्यांत उतरल्या. दक्षिण भारतांत ‘एडवर्ड’ म्हणून हारांसाठीं लावला जाणारा गुलाबी गुलाब ह्याच घराण्यांतला. महाराष्ट्रांत मात्र ‘गांवठी गुलाब’ ह्या एका नांवाखालीं निरनिराळ्या जातींचीं झुडुपें खपतात; म्हणून नुसत्या नांवावर भुलूं नये, फूल पाहून व हुंगून घ्यावें.

ह्या घराण्यांतील एका झाडावर आमचा विशेष लोभ आहे. १८४३ सालीं फ्रान्समधील लियाँ येथें बेल्यूझ नांवाच्या कलमकारानें ‘सूव्हनीर द ला माल्मेझाँ’ हा गुलाब काढला. माल्मेझाँ म्हणजे नेपोलियनची राणी जोसेफीन हिची गुलाबांनीं भरलेली बाग. राणी १८१४ सालींच वारली, तेव्हां हें फूल तिनें पाहिलेलें नव्हे, नांव तेवढें तिच्या बागेच्या आठवणीचें. फूल फिकट गुलाबी, पुरतें उमललें म्हणजे पाकळ्यांचे चार भाग पडल्यासारखें सपाट दिसतें. झुडूप कमरेएवढें. एक खोड मात्र आहे: ओल्या हवेंत त्याच्या कळ्या न उमलतां गोळा होऊन तपकिरी पडतात. कोंकणच्या पावसाळ्यांत त्याजकडून फुलांची आशाच करूं नये. कोरड्या हिवाळ्यांत तें सारी कसर भरून काढतें. रोप घेतांना वेली जातीचें नाहीं ना, हें विचारावें, कारण ह्याच नांवाचा एक वेलही निघाला आहे.

१८६७ सालीं गियोनें ‘ला फ्रान्स’ काढला, तो पहिला हायब्रिड टी मानतात. तेथून जुन्या घराण्याचें दिवस फिरले. तें पुन्हां वर काढलें तें इंग्लंडच्या श्रॉपशायरमधील डेव्हिड ऑस्टिन (१९२६–२०१८) यांनीं. जुन्या गुलाबांचें रूप व वास, आणि नव्यांचे रंग व वारंवार फुलणें, यांची सांगड घालण्याचा त्यांनीं ध्यास घेतला. १९६१ चा त्यांचा ‘कॉन्स्टन्स स्प्राय’ वर्षांतून एकदांच फुलत असे. पुरतें यश दिसलें १९८३ च्या पिवळ्या ‘ग्रॅहम थॉमस’मध्यें. ह्या जाती आतां आपल्याकडेही लावल्या जातात, परंतु एक गोष्ट ध्यानांत धरावी. इंग्लंडच्या थंडींत चार फूट राहणारा ‘ग्रॅहम थॉमस’ उष्ण हवेंत आठ फुटांच्या काठ्या फेंकतो. सूचिपत्रांतील उंची त्या देशाची असते. लहान अंगणासाठीं त्यांतील ठेंगण्याच जाती घ्याव्या, आणि त्यांचीही उंची मनांत दीडपट धरूनच जागा ठरवावी.

लागवडीचें फारसें गूढ नाहीं. निदान पांच सहा तास ऊन, तेंही सकाळचें असल्यास उत्तम. दीड फूट लांब, रुंद व खोल खड्डा, त्यांत कुजलेलें शेणखत व मूठभर निंबोळी पेंड. आणि जमीन आजूबाजूपेक्षां चार बोटें उंच, म्हणजे पावसाचें पाणी बुंध्याशीं सांचत नाहीं. दोन झाडांत अडीच फूट अंतर. पाणी मुळाशीं द्यावें. संध्याकाळीं पानें भिजवून ठेवलीं तर त्यांवर काळे ठिपके ठरलेलेच. छाटणी ऑक्टोबरच्या मध्यास, पाऊस सरल्यावर. प्रदर्शनी गुलाबासारखें ह्याला निम्म्यावर आणूं नये. वाळक्या व एकमेकींना घांसणाऱ्या फांद्या काढून उरलेल्यांचा तिसरा हिस्सा कमी केला कीं पुरे. काप बाहेरच्या बाजूस पाहणाऱ्या डोळ्याच्या किंचित् वर द्यावा. सहासात आठवड्यांत फुलें दिसूं लागतात.

विकत घेतलेलें रोप बहुधा रानगुलाबाच्या खुंटावर डोळा भरलेलें असतें. जोडाच्या खालून फूट आली तर ती रानगुलाबाची. ती ओढून समूळ काढावी. सात पानांची फूट रानटी व पांच पानांची खरी, असें माळी सांगतात. पण कित्येक चांगल्या गुलाबांनाही सात पानें येतात, म्हणून पानें मोजण्यापेक्षां फूट कोठून निघाली हें पाहणें बरें. पुष्कळ घरांत हें न समजल्यानें मूळ गुलाब गुदमरून मरतो आणि मुलाला वाटतें, आपल्याच हाताला यश नाहीं.

कोणी म्हणतील कीं प्रदर्शनी गुलाबानें मुलाला शिस्त लागते, बक्षिसाची ईर्षा येते. तें खोटें नाहीं. बी. पी. पाल (१९०६–१९८९) यांच्यासारख्या गव्हाच्या मोठ्या शास्त्रज्ञानें गुलाबांच्या नव्या जाती काढल्या, त्याही चोखंदळ निवडीनेंच. परंतु एका निर्दोष फुलासाठीं बहुतेक हौशी लोक दर आठपंधरा दिवसांनीं औषधें फवारतात. ज्या चार हात मातींत धाकटीं भावंडें खेळतात, जेथील पाकळ्यांचा आई गुलकंद करते, तेथें तीं विषें कशाला? झुडुपी गुलाबाचीं दहा पानें डागाळलीं तरी तीं वेंचून जाळावीं. उरलेल्या झाडाला त्याचें कांहीं वाटत नाहीं. मुलाला बक्षीस मिळो न मिळो, त्याच्या डब्याबरोबर शाळेंत एक वासाचें फूल आलें तर वर्गालाही तें कळतें.

बहुतेक जुन्या झुडुपी गुलाबांची कलमें फांदीपासूनच जगतात, खुंटाची गरज लागत नाहीं. ऑक्टोबरांत छाटलेल्या, पेन्सिलीएवढ्या जाड फांद्यांचे वीतभर तुकडे करून दोन तृतीयांश भाग वाळूमिश्रित मातींत सांवलींत पुरावा, आणि माती ओलसर राखावी. महिन्यादीड महिन्यांत मुळें धरतात. दहांतले पांच जगले तर एक आपल्याला व चार शेजाऱ्यांना पुरतात, आणि जोडाच्या खालून फुटण्याची भीतिच नसल्यानें त्यांना जपण्याचें कामही हलकें होतें.