चंद्र उजव्या हाताला उभा

छत्तीस वर्षं मी मंगळवेढ्यात फोटो स्टुडिओ चालवला. लग्नं, बारशी, पासपोर्ट साइज. पण सगळ्यात जास्त वेळ मी ज्याच्याकडे पाहत बसलो, तो फोटो 24 डिसेंबर 1968 ला अपोलो 8 च्या खिडकीतून बिल अँडर्स यांनी काढलाय.

त्यांना चंद्राच्या पृष्ठभागाचे फोटो घ्यायचे होते. चौथ्या प्रदक्षिणेत चंद्राच्या कडेमागून अचानक पृथ्वी वर आली. कॅमेऱ्यात ब्लॅक अँड व्हाइट फिल्म. एक फोटो तिच्यावरच घेतला आणि जिम लॉवेल यांच्याकडे घाईनं रंगीत फिल्म मागितली. अंतरपाट दूर होत असताना रोल बदलावा लागला, की काळजाचं काय होतं ते मला माहीत आहे. त्यात त्या हॅसेलब्लाडला नेहमीचा व्ह्यूफाइंडर नव्हता, नेम धरायला नुसती कडी होती. लेन्स 250 मिलिमीटरची. तरी ढगांचे पट्टे कसे सुटे सुटे आलेत!

आता असे फोटो रोज मोबाइलवर येतात. कुणी काढला, कुठून, की संगणकानं बनवला, काही लिहिलेलं नसतं. बोट फिरलं की गेला. हे मला मनापासून खुपतं. नासाचे फोटो कुणालाही फुकट घेता येतात. खर्च काय तो कागदाचा आणि फ्रेमचा. प्रत्येक शाळेत त्यातला एक तरी मोठा करून लावावा, खाली नाव आणि तारीख घालून.

आणि काढला तसाच लावावा. चंद्र जमिनीसारखा खाली यावा म्हणून हा फोटो छापताना बहुधा फिरवतात. मुळात उत्तर वर धरली, तर चंद्राची कड उजवीकडे उभी आहे. यान फिरत होतं म्हणून पृथ्वी उगवली. चंद्रावर एका जागी उभं राहिलं तर ती आकाशात जवळजवळ जागची हलत नाही.

गेल्या वर्षी जिल्हा परिषदेच्या शाळेला मी तसा प्रिंट दिला. सहावीतली एक मुलगी मान वाकडी करून बराच वेळ बघत होती. म्हणाली, "काका, आपला भारत कुठाय?"

मी अंधारातली बाजू दाखवली. "तेव्हा इकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते. मी तुझ्याएवढा होतो, आजीजवळ झोपलो होतो."

तिनं काचेवर त्या काळ्या भागावर बोट ठेवलं आणि मैत्रिणीला हाक मारली.