नव्या इंजिनाचा ठोका

पांढुर्णा आणि सौंसर या दोन तहसिलींचा मिळून २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा असा नवा जिल्हा झाला. नागपूरकडून येणारे दोन मोठे रस्ते या भागातून जातात. एक पांढुर्ण्यावरून मुलताई-बैतूलकडे निघतो. दुसरा सौंसर आणि रामाकोना मागे टाकून सिल्लेवानीचा घाट चढतो व छिंदवाड्यास पोहोचतो. हे हमरस्ते चांगले असले, तरी संत्र्याच्या बागांकडे वळणाऱ्या पांदणी पावसाळ्यात अद्यापही काळ्या चिखलाच्याच असतात. त्यामुळे ज्यांना परवडते, ती कुटुंबे अलीकडे चारही चाकांना जोर देणारी गाडी घेऊ लागली आहेत. इंदूर, ग्वाल्हेर, जबलपूर येथील आपल्या वाचकांच्या दारातही अशा गाड्या दिसत असतील. अशी गाडी म्हणजे पुष्कळ घरांची निम्म्या आयुष्याची शिल्लक असते. ती नवी असतानाच चढावर ‘टिक्-टिक्’, ‘खर्-खर्’ असा आवाज करू लागली, म्हणजे घरच्यांच्या जिवाला घोर लागणे साहजिक आहे.

यावर दोन प्रकारचा सल्ला तत्काळ मिळतो. एक म्हणतो, “नवी गाडी आहे, चालवा, आपोआप बसेल.” दुसरा म्हणतो, “पेट्रोलमध्ये अमुक औषध ओता, आवाज बंद होईल.” दोन्ही सल्ल्यांचा रोख आवाज विसरण्याकडे किंवा दडपण्याकडे आहे. तो आवाज काय सांगतो, हे विचारण्याचे कष्ट दोघांनाही नको असतात. आजच्या सदरात तोच विचार करावयाचा आहे.

पेट्रोल इंजिनाच्या नळकांड्यात हवा आणि पेट्रोलची वाफ यांचे मिश्रण दट्ट्याने दाबले जाते आणि योग्य क्षणी ठिणगी पडते. ठिणगीजवळ पेटलेली ज्योत क्रमाक्रमाने पसरत जावी, आणि दट्ट्यावर एकसारखा दाब यावा, अशी योजना असते. शेतातील धसकटे एका धुऱ्याकडून पेटवीत नेल्यासारखेच हे असते. परंतु ज्योत दुसऱ्या टोकाशी पोहोचण्यापूर्वीच तेथील दाबलेले, तापलेले मिश्रण आपल्या आपण एकदम भडकले, तर नळकांड्यात दाबाच्या लाटा उसळतात आणि धातू घंटेसारखा थरथरतो. मोटारीच्या नेहमीच्या आकाराच्या नळकांड्यात ही थरथर सेकंदाला साधारण सहा ते सात हजार कंपनांची असते. हाच इंजिनाचा ठोका. आपले मिस्त्री याला ‘नॉकिंग’ म्हणतात. तो क्वचित, हलका झाला तर बिघडत नाही. वारंवार आणि जोराने होत राहिला, तर दट्ट्याची कड झिजते, कड्या मोडतात आणि नळकांड्यावरील गॅस्केटही जाते.

मिश्रण जितके अधिक दाबावे, तितकी शक्ती अधिक मिळते. पण तितकाच ठोक्याचा धोकाही वाढतो. दुसऱ्या महायुद्धातील विलीज जीपचे इंजिन मिश्रणाला सुमारे साडेसहा पट दाबीत असे. म्हणून ती हलक्या प्रतीच्या पेट्रोलवरही तक्रार करीत नसे. आजच्या पेट्रोल इंजिनांत हे प्रमाण बहुधा साडेनऊ ते साडेअकरा पटींपर्यंत असते आणि काहींत त्यावर टर्बोची भर असते. अशा इंजिनाला आपोआप न भडकणारे, म्हणजे अधिक ऑक्टेन अंकाचे पेट्रोल लागते. या मोजपट्टीवर नॉर्मल हेप्टेन नावाच्या द्रवाला शून्य आणि आयसो-ऑक्टेनला शंभर अंक दिलेले आहेत. आपल्या देशात १ एप्रिल २०२० पासून भारत-६ मानके लागू झाली, तेव्हा साध्या पेट्रोलचा किमान अंक पूर्वीप्रमाणेच ९१ होता. वीस टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचा अंक त्याहून अधिक असतो, कारण इथेनॉल स्वतः ठोक्याला चांगलेच दाद देत नाही. छिंदवाडा भागातील शेतकऱ्यांना हे सांगावयास हरकत नाही की, इथेनॉल उसाप्रमाणेच मक्यापासूनही होते. मात्र इथेनॉलमध्ये तितक्याच पेट्रोलच्या मानाने ऊर्जा सुमारे एक तृतीयांश कमी असते. त्यामुळे मिश्र पेट्रोलवर गाडीचे अंतर थोडे घटले, तर तो इंजिनाचा दोष समजू नये.

आवाज दडपण्याची किंमत काय होऊ शकते, याचे एक मोठे उदाहरण इतिहासात आहे. अमेरिकेत डेटन येथे जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली या अभियंत्याने डिसेंबर १९२१ मध्ये असे पाहिले की, पेट्रोलमध्ये टेट्राएथिल लेड हे शिशाचे संयुग अगदी अल्प प्रमाणात घातले की ठोका थांबतो. मद्यार्कानेही ठोका थांबतो, हे तेव्हाही ठाऊक होते. पण त्यावर कोणाला एकट्याचा हक्क सांगता येणार नव्हता. १९२३ साली शिसेयुक्त पेट्रोल ‘एथिल’ या गोड नावाने विक्रीस आले; नावात शिशाचा उल्लेख नव्हता. १९२४ च्या ऑक्टोबरात न्यू जर्सीतील ते संयुग बनविणाऱ्या कारखान्यात पाच कामगार शिशाच्या विषबाधेने भ्रमिष्ट होऊन मरण पावले. तरीही ते पेट्रोल जगभर पसरले आणि रस्त्यांवरील धुरातून शिसे मुलांच्या रक्तात उतरत राहिले. शिशामुळे मुलांच्या बुद्धीच्या वाढीवर दुष्परिणाम होतो, हे पुढे निर्विवाद सिद्ध झाले. भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेरहित पेट्रोल देण्यास आरंभ झाला. मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोल विकणारा जगातील शेवटचा देश अल्जीरिया. तेथील विक्री जुलै २०२१ मध्ये थांबली. इंजिन गप्प झाले, पण त्याचे मोल शंभर वर्षे लेकरांनी दिले.

त्यानंतर अभियंत्यांनी दुसरी वाट धरली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस मोटारींत नॉक सेन्सर बसविला जाऊ लागला. हा इंजिनाच्या ठोकळ्यावर बोल्टने आवळलेला एक लहानसा तुकडा असतो. थरथर होताच त्यातील पदार्थावर दाब पडतो आणि विजेचा सूक्ष्म संदेश निघतो. तो मिळताच गाडीतील संगणक ठिणगी किंचित उशिरा पाडतो आणि ठोका थांबतो. म्हणजे आजच्या नव्या पेट्रोल इंजिनाला कान आहेत. ते असूनही चढावर ठोका वारंवार ऐकू येत असेल, तर ऐकण्यात, इंधनात किंवा आपल्या चालविण्यात काही तरी चुकते आहे, असे समजावे.

पहिले काम आवाज ओळखण्याचे. भरलेली गाडी वरच्या गिअरमध्ये चढ चढताना आवाज येतो आणि अॅक्सिलरेटरवरील पाय उचलताच थांबतो, तर तो बहुधा खरा ठोका. गाडी उभी असताना इंजिनाच्या गतीबरोबर टिकटिक वाढते, तर तो झडपांचा वगैरे आवाज असू शकतो. थंड इंजिन सुरू करताना येऊन दोन मिनिटांत मावळणारी टिकटिक निराळी. पांदणीतून हिंडणाऱ्या गाडीच्या पोटाखालची संरक्षक पत्रे सैल होऊनही खडखडाट होतो. गाडी उचलून पत्रे हाताने हलवून पाहिले की त्याचा उलगडा होतो. मात्र जड, खोल ‘धाड्-धाड्’ ऐकू आली किंवा तेलाचा लाल दिवा लागला, तर तेथेच गाडी थांबवावी. डिझेलची गोष्ट वेगळी आहे. डिझेल ठिणगीवाचून पेटते, त्यामुळे सकाळच्या थंडीत त्याची खणखण स्वाभाविक असते. गरम झाल्यावरही ती टिकली, तरच इंजेक्टर तपासावेत.

दुसरे काम आपली सवय पाहण्याचे. कमी गतीवर, वरच्या गिअरमध्ये गाडी ओढीत नेणे हे ठोक्याचे सर्वांत मोठे कारण आहे. टर्बो असलेल्या पेट्रोल इंजिनात तर अशाने ठिणगीपूर्वीच मिश्रण भडकण्याची जोखीम असते. म्हणून घाटात एक गिअर खाली घ्यावा, आणि चिखलात किंवा उभ्या चढावर ‘फोर-एल’ हा हळू, पण जोरदार गिअर वापरावा. गाडी त्याचसाठी घेतलेली असते. पुष्कळ तरुण गाडी घेताच शोभेसाठी मोठे टायर बसवितात. टायर मोठे झाले की इंजिनावरचा भार प्रत्येक गिअरमध्ये वाढतो, मग ठोका येतो, आणि दोष मात्र कंपनीच्या माथी मारला जातो. तेलही पुस्तिकेत लिहिलेल्या प्रतीचेच घालावे. पेट्रोलचा अंक पुस्तिकेतील अंकाइतका असला की पुरे. त्याहून महागडे पेट्रोल घालून पैसे जाळण्याचे कारण नाही.

तिसरे इंधन. पेट्रोलमध्ये केरोसीन मिसळले असेल, तर ऑक्टेन अंक खाली येतो आणि ठोका सुरू होतो. शंका आल्यास पंपावर फिल्टर कागदाची परीक्षा मागता येते, घनता विचारता येते, पाच लिटरच्या मापाने मोजून घेता येते. हा ग्राहकाचा हक्क आहे आणि तो संकोच न करता मागावा.

आमच्या ओळखीच्या एका शिक्षकांचा अनुभव या संदर्भात सांगण्यासारखा आहे. त्यांच्या तीन महिन्यांच्या नव्या पेट्रोल गाडीतून मे महिन्यात सिल्लेवानी चढताना ठोका येऊ लागला. कार्यशाळेत उत्तर मिळाले, “या गाड्यांचा आवाज असाच असतो.” ते सौंसरच्या एका जुन्या मिस्त्रीकडे गेले. त्याने बॉनेट उघडून ऐकले आणि म्हणाला, “सर, नॉकिंगच होऊन राहिली. पण मी हात नाही लावत. वॉरंटी आहे तोवर गाडी अर्धी कंपनीची. तुम्ही मास्तर लोक, लिहून ठेवा ना! कोणता गिअर, कोणता चढ, कोणता पंप, सगळं मांडा.” त्यांनी तीन आठवडे हजेरीपटासारखी वही ठेवली. पंप बदलून पाहिला, फरक पडला नाही. दुसऱ्या गिअरमध्ये ठोका कमी झाला, पण गेला नाही. वही दाखवून त्यांनी एवढीच विनंती केली की, कार्यशाळेतील माणसाने सोबत चढावर यावे आणि तपासणीचे यंत्र जोडून पाहावे. त्यात ठोका होऊनही संगणक ठिणगी मागे घेत नाही, असे दिसले. नॉक सेन्सरचा बोल्ट ठरल्याप्रमाणे आवळलेला नव्हता. सैल बसलेल्या सेन्सरला थरथर नीट पोहोचत नाही. तो प्रमाणात आवळला आणि त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये इंजिन शांत चालले. खर्च काही आला नाही.

वहीशिवाय हे झाले नसते. “आवाज येतो” या तक्रारीवर “येतोच” हे उत्तर सोपे असते. “अमुक चढावर, तिसऱ्या गिअरमध्ये, पाय दाबताच येतो, उचलताच जातो” या तक्रारीवर तसे उत्तर देता येत नाही. म्हणून वाचकांनी प्रत्येक खेपेस कार्यशाळेच्या जॉबकार्डावर तक्रार आपल्या शब्दांत लिहवून घ्यावी आणि प्रत घरी जपावी. तरीही दाद लागली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जाता येते. तेथे ही जॉबकार्डेच कामास येतात.

गाडी घरी आली की आपण तिला हळदीकुंकू लावतो, नारळ फोडतो. पुस्तिका मात्र डॅशबोर्डच्या खणात तशीच राहते. यंदाच्या दिवाळीत कोणाकडे नवी गाडी येणार असेल, तर घरातील चालविणाऱ्या मुला-मुलींकडून इंधन, तेल, टायर आणि गिअर यांवरील तिची पाने एकदा मोठ्याने वाचवून घ्यावीत, आणि पहिल्या चढावर रेडिओ बंद ठेवावा.