तार ओढणारा हात आणि समजणारी भाषा

आपल्या भागात घरात रेंज मिळत नाही म्हणून अंगणात येऊन मोबाईलवर बोलणे कुणाला नवे नाही. ती गैरसोय झाली. परंतु आग लागलेल्या इमारतीच्या तळघरात शिरलेल्या अग्निशामक जवानाच्या हातातील वॉकीटॉकी मुकी झाली, तर प्रश्न प्राणांचा होतो. काँक्रीट, लोखंडी सळ्या आणि नव्या इमारतींच्या धातूचा मुलामा दिलेल्या काचा बिनतारी लहरी अडवतात. म्हणून अमेरिकेतील अनेक शहरांत मोठ्या इमारतींना या जवानांसाठी आतल्या आत वायरलेस व्यवस्था करणे सक्तीचे आहे. ती बसविणारे तंत्रज्ञ कसे घडवावेत, हा तेथील प्रश्न दहावीनंतर मुलांना आयटीआयला धाडणाऱ्या आपणांसही विचार करायला लावणारा आहे.

व्यवस्था ऐकायला सोपी आहे. छतावरचा अँटेना शहराच्या टॉवरच्या लहरी पकडतो, मधले यंत्र त्या वाढविते आणि केबलवाटे त्या मजल्यामजल्यावरील लहान अँटेनांतून पसरतात. आतल्या जवानाचा आवाज त्याच वाटेने उलट बाहेर जातो. तेथील नमुना अग्निसंहितेनुसार प्रत्येक मजल्याच्या ९५ टक्के भागात ठरावीक ताकदीचा संदेश पोहोचला पाहिजे. त्यासाठी मजल्याचे साधारण २० सारखे चौकोन पाडून चौकोनागणिक मोजणी करतात. वीज गेली तरी बॅटरीवर व्यवस्था १२ तास चालावी लागते, आणि दरवर्षी पुन्हा तपासणी असते.

अवघड भाग पुढेच आहे. शाळेच्या संमेलनात माईक कर्ण्यासमोर आला की जी किंकाळी उठते, तसेच येथेही घडते. छतावरचा अँटेना आणि आतले अँटेना यांत पुरेसा आडपडदा नसेल, तर यंत्र स्वतःचाच आवाज पुन्हा पुन्हा वाढवीत बसते. त्या गोंगाटाने त्या इमारतीचेच नव्हे, तर आसपासच्या भागाचे अग्निशामक दळणवळण बिघडू शकते. म्हणजे अर्धवट शिकलेल्या माणसाने बसविलेली व्यवस्था नसलेल्या व्यवस्थेपेक्षाही घातक ठरते.

बसविण्याइतकेच वापरणेही शिकावे लागते, याचा दाखला न्यूयॉर्कमध्ये मिळाला. वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये १९९३ साली बॉम्बस्फोट झाल्यानंतर तेथे अग्निशामक दलासाठी लहरी वाढविणारा रिपीटर बसविण्यात आला. ११ सप्टेंबर २००१ रोजी उत्तर मनोऱ्यात त्याचे एक बटण दाबले गेले. मुख्य हँडसेटवरून बोलायला मात्र दुसरे बटण दाबावे लागे, ते दाबले गेले नाही. चाचणीत आवाज पोहोचेना, तेव्हा अधिकाऱ्यांनी यंत्र बंद आहे असे समजून त्याचा नाद सोडला. प्रत्यक्षात ते निदान काही अंशी चालू होते आणि दक्षिण मनोऱ्यातील जवानांनी ते वापरलेही, असे चौकशी आयोगाने नोंदविले आहे. त्या दिवशी ३४३ अग्निशामक कर्मचारी गेले. सारा दोष एका बटणावर टाकणे अन्यायाचे होईल, पण धडा घेण्याजोगा आहे.

आता तंत्रज्ञाकडे वळू. ती संहिता त्याच्याकडे दोन कागद मागते. एक, केंद्रीय दूरसंचार आयोगाचा रेडिओ ऑपरेटर परवाना, आणि दुसरा, मान्य संस्थेचे किंवा यंत्र बनविणाऱ्या कंपनीचे प्रशिक्षण प्रमाणपत्र. परवान्याच्या तांत्रिक परीक्षेत १०० पैकी ७५ उत्तरे बरोबर यावी लागतात, आणि प्रश्नांचा संपूर्ण संच आधीच जाहीर असतो. मी आयुष्यभर वर्गात उभा राहिलो आहे. असा संच घोकणारी मुले मला नवी नाहीत. कंपनीचे प्रशिक्षण बहुधा त्या कंपनीच्या यंत्रापुरते असते. केबल तोडून जोड नीट बसविणे, मीटर घेऊन जिन्याजिन्यांत फिरणे, या गोष्टी हाताखाली काम करूनच येतात.

आणि येथे भाषेचा प्रश्न उभा राहतो. त्या परवान्यासाठी इंग्रजीत बोललेला संदेश घेता व देता आला पाहिजे, अशी अट आहे. तिच्यात गैर नाही, संकटात सर्वांची बोली एक असावीच लागते. पण तेथील बांधकामावर स्पॅनिश बोलणारे कामगार फार मोठ्या संख्येने आहेत. म्हणून कामगारांच्या सुरक्षेचे प्रशिक्षण त्यांना समजेल अशाच भाषेत आणि शब्दांत दिले पाहिजे, असे तेथील सरकारने २०१० साली धोरण म्हणून स्पष्ट केले. संदेशाची भाषा एक, समजण्याची भाषा आपापली. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत.

आपल्या मुलांची स्थिती निराळी नाही. घरी मराठी, कचेरीत कन्नड, यंत्राबरोबरच्या पुस्तिकेत इंग्रजी. मुलगा मिस्त्रीच्या हाताखाली तार ओढायला शिकतो, पण ती तेथूनच का ओढायची हे त्याला कुणी सांगत नाही. म्हणून तो जन्मभर मदतनीस राहतो. मराठीचा अभिमान म्हणून अँटेना आणि अर्थिंग यांना अवघड प्रतिशब्द शोधत बसू नये. शब्द इंग्रजी राहू द्या, कारण मराठीत सांगा. कन्नडही शिकू द्या, कारण गिऱ्हाईक त्या भाषेत बोलणार आहे.

गावोगावी निवृत्त वायरमन आणि आयटीआयमधून बाहेर पडलेले जाणते कारागीर आहेत. रविवारचे दोन तास शाळेची एक खोली त्यांच्या स्वाधीन करायला शाळा समित्यांना मोठा खर्च येणार नाही. मुलांच्या हाती मीटर द्यावा आणि प्रत्येक कामामागचे ‘का’ त्यांच्याकडून वदवून घ्यावे. ज्याला कारण समजले, तो प्रमाणपत्रही मिळवील. नुसत्या प्रमाणपत्राने मात्र तळघरातल्या जवानाचा आवाज वर येत नाही.