केसाँगची सहल: बंद दरवाजाचा धडा

दक्षिण कोरियाची राजधानी सोलपासून केसाँग हे उत्तर कोरियातील शहर जेमतेम साठ-सत्तर किलोमीटरवर आहे. सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल, इतके जवळ. तरीही सामान्य पर्यटकांसाठी ही वाट खुली व्हायला ५ डिसेंबर २००७ उजाडावा लागला आणि पुरते वर्ष होण्याआधीच ती बंदही झाली.

केसाँगचे महत्त्व केवळ सीमेवरचे शहर म्हणून नाही. सन ९१८ ते १३९२ या काळात राज्य करणाऱ्या कोर्यो घराण्याची ही राजधानी. १९४५ च्या फाळणीत ते ३८ व्या अक्षांशाच्या किंचित दक्षिणेला, म्हणजे दक्षिणेच्या ताब्यात होते. १९५३ च्या युद्धविरामानंतर ते उत्तरेकडे गेले. साहजिकच अनेक वृद्धांसाठी ही सहल म्हणजे दुरावलेल्या गावाचे ओझरते दर्शन होते.

'ह्युंदाई असान' या कंपनीने आखलेल्या एक दिवसाच्या सहलीचे शुल्क १ लाख ८० हजार वॉन होते आणि त्यातील सुमारे १०० डॉलर उत्तर कोरियाला मिळत. पाक्योन धबधबा, सोनजुक पूल, कोर्यो संग्रहालय ही स्थळे दाखविली जात. दुपारी पितळी वाट्यांतून पारंपरिक जेवण मिळे. मात्र धावत्या बसमधून छायाचित्रे घेण्यास मनाई होती आणि परतताना कॅमेरे तपासले जात. गावकऱ्यांचे दर्शन होई ते खिडकीतूनच. तरीही सुमारे १ लाख १० हजार लोकांनी ही सहल केली.

या नियंत्रित पर्यटनातून उत्तरेला परकीय चलन मिळते, माणसे मात्र जवळ येत नाहीत, हा टीकाकारांचा आक्षेप निराधार नव्हता. पण समर्थकांचेही म्हणणे डावलता येत नाही. १९९८ मध्ये सुरू झालेल्या कुमगांग पर्वताच्या सहलींना सुमारे १९ लाख पर्यटक गेले. पिढ्यान्‌पिढ्या शत्रुभूमी म्हणून ऐकलेला प्रदेश त्यांनी प्रत्यक्ष पाहिला.

या प्रयोगाची खरी कसोटी ११ जुलै २००८ रोजी लागली. कुमगांगजवळ प्रतिबंधित क्षेत्रात शिरलेली एक दक्षिण कोरियन महिला सैनिकाच्या गोळीने ठार झाली. संयुक्त चौकशीची सोलची मागणी उत्तरेने फेटाळली आणि दक्षिणेने त्या सहली थांबविल्या. संबंध बिघडत गेले. नोव्हेंबरअखेर उत्तर कोरियाने केसाँगचीही वाट बंद केली. २००९ मध्ये सहली पुन्हा सुरू करण्याबाबत कंपनी आणि उत्तर कोरिया यांच्यात समझोता झाला, पण पर्यटकांच्या सुरक्षिततेची हमी आणि सरकारांमधील संमती यांअभावी तो कागदावरच राहिला.

त्यानंतरची घसरण सर्वज्ञात आहे. फेब्रुवारी २०१६ मध्ये केसाँगचे संयुक्त औद्योगिक संकुल बंद पडले, जून २०२० मध्ये तेथील संपर्क कार्यालय उत्तरेने स्फोटाने उडविले आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये दक्षिणेकडे जाणारे रस्तेही उद्ध्वस्त केले.

सहलींनी शांतता प्रस्थापित होईल ही अपेक्षा अवाजवी होती. पर्यटकाच्या सुरक्षिततेची लेखी हमी आणि दुर्घटना घडल्यास चौकशीची ठरलेली पद्धत यांवाचून सीमेपलीकडची सहल एका गोळीनेही संपू शकते, हे केसाँग आणि कुमगांगने दाखवून दिले. त्याची किंमत मात्र सरकारांपेक्षा आपले गाव पुन्हा पाहण्याची आस धरून बसलेल्या वृद्धांनी अधिक मोजली.