मक्षिकास्थाने मक्षिका

पोथीची नक्कल करताना पानात चिरडलेली माशी दिसली, म्हणून आपल्या प्रतीतही त्याच जागी माशी मारून चिकटवणाऱ्या लेखनिकाची गोष्ट आपण सारेच ऐकतो आणि हसतो. मिशिगनला मुलाकडे उन्हाळा काढून आल्यापासून मी मात्र हसत नाही. त्याच्या पंगतीला मी स्वतःच जाऊन बसलो आहे!

आमच्या चिरंजीवांना ट्राउट मासे धरण्याचा नाद. तेही गळाला गांडूळ लावून नव्हे, तर पिसांची कृत्रिम माशी पाण्यावर तरंगत सोडून. ती बुडता कामा नये, म्हणून तिचे नाव 'ड्राय फ्लाय'. "एवढा शिकून माशाच मारतोस?" असे मी एकदा फोनवर बोलून गेलो आणि तेव्हापासून आमचे संभाषण "प्रकृती कशी?" एवढ्यावर आले होते.

तिकडे गेल्यावर, रात्री तो टेबलावरच्या पकडीत गळ अडकवून दोरा गुंडाळू लागला, की मीही खुर्ची ओढू लागलो. त्याची आवडती माशी 'अ‍ॅडम्स'. 1922 साली मिशिगनमधल्याच लेन हॅलाडे यांनी ती प्रथम बांधली. अंग करडे, पंख पट्टेरी पिसांचे, गळ्याभोवती तपकिरी आणि पट्टेरी पिसांची झालर. हुबेहूब म्हणाल, तर ती कोणत्याच कीटकासारखी नाही!

मला हे पटेना. जन्म हिशेबाच्या वह्यांत गेलेला. नक्कल म्हणजे नक्कल! त्यात इंग्लंडचे हॅलफर्ड माझ्या बाजूचे निघाले. तरंगत्या माशांवर 1886 साली पुस्तक लिहिणाऱ्या या गृहस्थांनी 1910 मध्ये 33 नमुने दिले, तेव्हा नर आणि मादीसुद्धा वेगळे बांधले. मग काय! पंख फुटल्यावर जेमतेम एखादा दिवस जगणारा एक मेफ्लाय खिडकीवर सापडला, तो समोर ठेवून मी तीन रात्री खपलो. रंगात तसूभर फरक नाही!

रविवारी बोर्डमन नदीवर परीक्षा झाली. माझी माशी दोन हात वाहिली, कुशीवर कलली आणि बुडाली. अ‍ॅडम्स ताठ मानेने तरंगत गेली आणि एका ट्राउटने ती गट्ट केली. मुलाने हात ओले करून त्याला सोडवले आणि परत पाण्यात सोडले.

"माझी का नाही घेतली?" मी विचारले.

"बाबा, तुम्ही कोंबडीची मऊ पिसे घेतलीत, ती पाणी पितात. कोंबड्याची ताठ पिसे पायांसारखी पाण्यावर टेकतात. शिवाय तुम्ही माशी वरून पाहिलीत. मासा खालून पाहतो."

मी गप्प झालो. ह्या मुलाकडे तरी मी आजवर कुठून पाहत आलो होतो?

त्या रात्री आम्ही दोन वाजेपर्यंत टेबलाशी बसलो. माशांविषयी बोललो असू फार तर अर्धा तास. शेवटी सौभाग्यवती दारात येऊन म्हणाल्या, "झोपा आता! बाप-लेक दोघेही माशा मारीत बसलेत!"

ह्या वेळी मात्र कुणालाच राग आला नाही.