दुसऱ्याच्या खात्यावरचा धूर

पुण्यात पाटी लावायला कारण लागत नाही. तरीही काही पाट्या सकारण असतात. आमच्या बँकेसमोरच्या हॉटेलात (नाव सांगत नाही, चहा बंद होईल) अशी एक पाटी आहे : 'येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे.' ६० सेंटिमीटर बाय ३०, अगदी नियमातल्या मापाची. पुणेकर ती वाचतो, तिचे शुद्धलेखन तपासतो आणि तिच्याच खाली बसून सिगारेट पेटवतो.

मी स्वतः ओढत नाही, पण ओढणाऱ्यांना कधी काही बोललोही नव्हतो. परवा मात्र तिथले वेटर मामा माझा चहा ठेवता ठेवता तोंड फिरवून बराच वेळ खोकले. मी वडीलकीच्या सुरात म्हणालो, "मामा, बिडी सोडा आता."

"मी कुठली ओढतो साहेब? ओढतात ती गिऱ्हाइकं. मला फुकटात मिळते!"

'फुकटात' म्हटले की कॉमर्सचा पदवीधर थबकतो. जमाखर्चात फुकट असे काही नसते. कुणाच्या तरी खात्यावर ते नावे पडतेच. मी बिलाच्या पाठीवर हिशेब मांडला. गिऱ्हाईक बसते २० मिनिटे, मामा राबतात १० तास. म्हणजे ३० पट. महिन्याचे २६ दिवस धरले तर २६० तास. मजा गिऱ्हाइकाच्या जमेला, धूर मामांच्या नावे!

हा हिशेब नवाही नाही. जपानच्या ताकेशी हिरायामांनी १९८१ साली ९१,५४० बायकांची १४ वर्षांची नोंद छापली. त्या स्वतः ओढत नव्हत्या. पण ज्यांचे नवरे भरपूर ओढत, त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर अधिक प्रमाणात झाला होता. आणि बायकोला निदान नवरा कचेरीत गेल्यावर दम घेता येतो. मामांचे एक टेबल उठले की दुसरे पेटते.

हे मी मालकांना सांगितले. ते म्हणाले, "अहो, ओढणारे मागच्या शेडमध्ये बसतात. मोकळी हवा!" त्या शेडला वर पत्रा आहे आणि तीन बाजूंनी प्लॅस्टिकचे पडदे. या न्यायाने आमची स्ट्राँगरूमसुद्धा मोकळी हवाच. नियम म्हणतो, ३० किंवा अधिक गिऱ्हाइके बसण्याची सोय असेल तरच ओढणाऱ्यांसाठी वेगळी खोली ठेवता येते. तिला चारी बाजूंनी छतापर्यंत भिंती हव्यात, आपोआप मिटणारे दार हवे. आणि २०१७ पासून तिथे चहासुद्धा नेऊन द्यायचा नाही. म्हणजे मामा नावाचा कुणी प्राणी असतो, हे दिल्लीत बसून कळले. इथे गल्ल्यावरून दिसत नाही.

"पण गिऱ्हाईक तुटेल हो!" हा दुसरा मुद्दा. एके काळी सिनेमाच्या थिएटरात पडद्यापेक्षा धूरच जास्त दिसे. तो गेला म्हणून कुणी सिनेमा सोडला? इराण्याच्या संगमरवरी टेबलावरून ॲश-ट्रे गेले. बनमस्का जागच्या जागी आहे. पुण्याचा माणूस चहा सोडत नाही, फार तर हॉटेलला नावे ठेवतो.

राहिले व्यक्तिस्वातंत्र्य. हा मुद्दा आमच्या शाखेतले एक सहकारी मांडतात, अर्थात त्याच शेडमध्ये बसून. उद्या त्यांच्या काउंटरवर कुणा खातेदाराने सिगारेट पेटवली तर? हेच गृहस्थ मॅनेजरच्या केबिनमध्ये शिरतील, आणि संध्याकाळच्या आत युनियनचे पत्रक निघेल. कारण ती 'कामाची जागा'! मग मामा काय हवा पालटायला आले आहेत? आयर्लंडने २९ मार्च २००४ पासून पबमध्ये सिगारेट बंद केली ती याच कारणासाठी : पब ही तिथल्या नोकरांची कचेरी. आपल्याकडे मुंबईच्या मुरली देवरांच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने २००१ साली सार्वजनिक जागी ओढायला बंदी केली, २००३ साली कायदा झाला, आणि २ ऑक्टोबर २००८ पासून हॉटेलांसकट सगळ्या कामाच्या जागांना नियम लागू झाले. मुहूर्त गांधीजयंतीचा, दंड २०० रुपयांपर्यंत. दोघांच्या इडली-चहात तेवढे सहज उडतात, त्यामुळे धाक कुणालाच नाही.

त्या पाटीवर आणखी एक ओळ असावी लागते : तक्रार कोणाकडे करायची, त्याचे नाव. आमच्या हॉटेलात ती जागा कोरी आहे. मी ती दाखवताच मालक हसून म्हणाले, "तुमचंच लिहू का?"

"मामांचं लिहा," मी म्हणालो.

मालक आणखी हसले. मामा मात्र फडके पिळत हळूच म्हणाले, "माझं नको साहेब. मला इथंच काम करायचंय."

तिथे माझा सगळा युक्तिवाद संपला. ज्याच्या खात्यावर धूर पडतो त्याला तक्रार करण्याची सोय नाही. ज्यांना सोय आहे ते आपण, चहा निवेल म्हणून गप्प बसतो. तेव्हा बोलायचे काम आपलेच. शेजारचा माणूस काडी ओढताना दिसला की "अहो, इथं नको" एवढे तीन शब्द पुरतात. पुणेकराला एवढे बोलणे जड जाऊ नये. एरवी तो न विचारता तीनशे बोलतो.

मी सुरुवात केली आहे. चहा अजून बंद झालेला नाही. फक्त कप पूर्वीइतका भरून येत नाही.