गर्दी एकाची, मालकी दुसऱ्याची

खेळ निर्मळ असतो, त्यात राजकारण आणू नये, असा उपदेश आम्हाला वारंवार केला जातो. उपदेश करणारे बहुधा मालकांच्या कक्षात बसलेले असतात. म्हणून १९९१ साली भरलेल्या एका स्पर्धेचा पहिला हंगाम आम्ही आज वाचकांपुढे तपासायला ठेवत आहोत. स्पर्धेचे नाव होते 'वर्ल्ड लीग ऑफ अमेरिकन फुटबॉल'. नावात जग होते. कारभारात जगाला किती जागा होती, हे पाहण्यासारखे आहे.

हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडे पोरे पायाने खेळतात तो नव्हे. लांबट चेंडू हातात धरून, शिरस्त्राण आणि खांद्यावर जाड गाद्या बांधून अकरा-अकरा गडी एकमेकांवर धडकतात. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकले तर चेंडू आपल्याकडे राहतो, नाहीतर प्रतिपक्षाकडे जातो. अमेरिकेत या खेळावर 'नॅशनल फुटबॉल लीग' या संस्थेची मक्तेदारी आहे. त्यावेळी तिचे २८ संघ होते आणि त्यांपैकी बहुतेक संघांच्या मालकांनी मिळून ही नवी जागतिक लीग उभी केली.

२३ मार्च १९९१ रोजी हंगाम सुरू झाला. संघ दहा. त्यातले सहा अमेरिकेचे, एक कॅनडातील माँट्रियलचा आणि तीन युरोपचे : लंडन मोनार्क्स, बार्सिलोना ड्रॅगन्स व फ्रँकफर्ट गॅलेक्सी. तज्ज्ञांचा अंदाज सरळ होता. खेळ अमेरिकेचा, तेव्हा युरोपवाले शिकाऊ उमेदवार. प्रत्यक्षात झाले उलटे. साखळीतील दहा सामन्यांपैकी लंडनने नऊ, बार्सिलोनाने आठ आणि फ्रँकफर्टने सात जिंकले. अमेरिकेतील रॅले-डरहॅम स्कायहॉक्स हा संघ दहाही सामने हरला. ९ जून रोजी लंडनच्या वेम्बली मैदानावर अंतिम सामना झाला. त्याला ६१,१०८ प्रेक्षक हजर होते आणि लंडनने बार्सिलोनाला २१-० असे हरवले. युरोपातील लोकांनी हा परका खेळ आपला मानला. लंडनमध्ये घरच्या सामन्यांना चाळीस हजारांच्या घरात लोक येत होते. अमेरिकेत मात्र मैदानांवर एवढी गर्दी नव्हती आणि दूरदर्शनवरही पुरेसे प्रेक्षक मिळत नव्हते.

येथे कोणी म्हणेल, हा तर युरोपचा विजय! आम्ही तसे म्हणत नाही. या संघांतले बहुसंख्य खेळाडू अमेरिकेहूनच आणलेले होते. स्थानिक खेळाडूंसाठी वेगळी योजना होती, पण तिच्यातून आलेले मोजकेच. इंग्लंडचा फिल अलेक्झांडर लंडनसाठी चेंडूला लाथ मारत होता, व्हिक्टर एबुबेडिके हा ब्रिटिश खेळाडूही संघात होता. असे काही अपवाद सोडले तर यजमानांच्या मुलांच्या वाट्याला बाकावरची जागा आली. तिकीट लंडनच्या कामगाराचे, घोषणा फ्रँकफर्टच्या विद्यार्थ्याच्या आणि निर्णय अमेरिकेतील धनिकांचे, अशी ही वाटणी होती.

निर्णय कसे झाले तेही पाहा. १९९२ साली दुसरा हंगाम झाला आणि त्याच वर्षी मालकांनी स्पर्धा थांबवली. युरोपात मैदाने भरत होती, पण अमेरिकन दूरदर्शनवर प्रेक्षक नव्हते, हे त्यामागचे मोठे कारण. म्हणजे जगाच्या स्पर्धेचे यशापयश मोजायची फूटपट्टी एकाच देशाच्या बैठकीच्या खोलीत ठेवलेली होती. पुढे १९९५ साली 'फॉक्स' या दूरचित्रवाणी कंपनीला भागीदार करून स्पर्धा पुन्हा सुरू केली, ती केवळ युरोपातील सहा संघांपुरती. २००७ च्या जूनमध्ये अंतिम सामन्यानंतर काही दिवसांतच ती कायमची बंद केली. तेव्हा सहापैकी पाच संघ एकट्या जर्मनीत होते. ज्यांनी पंधरा वर्षे त्या संघांचे झेंडे सांभाळले, त्यांना कोणी विचारले नाही. विचारण्याची तरतूदच नव्हती.

मालकांची बाजू आम्ही लपवणार नाही. स्पर्धा तोट्यात होती. बंद करतेवेळी वर्षाला सुमारे तीन कोटी डॉलरचा तोटा सांगितला गेला. परंतु या हिशेबाच्या वहीत जमेचे रकाने नीट भरले आहेत काय? क्वार्टरबॅकच्या शिरस्त्राणात रेडिओ बसवून प्रशिक्षकाने त्याला सूचना देणे, टचडाउननंतर दोन गुणांसाठी प्रयत्न करणे, या गोष्टी वर्ल्ड लीगमध्ये खेळल्या गेल्या आणि १९९४ साली मूळ लीगने त्या आपल्याकडे घेतल्या. खेळाडूही येथेच घडले. कधीकाळी किराणा दुकानात रात्रपाळी करणारा कर्ट वॉर्नर १९९८ साली ॲमस्टरडॅमच्या संघात खेळला आणि २००० च्या जानेवारीत त्याच्या अमेरिकन संघाने 'सुपर बोल' जिंकला. प्रयोगशाळा युरोपची, पेटंट अमेरिकेचे. मग तोटा तेवढा युरोपच्या नावावर का टाकायचा?

आता या खेळाच्या आतल्या उतरंडीकडे वळू. अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूंत निम्म्याहून अधिक कृष्णवर्णीय होते. हाडे मोडून घेणारे ते, घाम गाळणारे ते. पण वर्ल्ड लीगच्या पहिल्या हंगामातील दहा मुख्य प्रशिक्षकांत एकही कृष्णवर्णीय नव्हता. मूळ लीगमध्ये तरी काय होते? १९२१ साली फ्रिट्झ पोलार्ड प्रशिक्षक झाला, त्यानंतर थेट १९८९ साली आर्ट शेल. मधली ६८ वर्षे कोरी! १९९१ मध्येही शेल एकटाच होता. नवी स्पर्धा म्हणजे कोरी पाटी. तीवर मालकांनी जुनीच अक्षरे गिरवली. या दहा संघांत एक होता अलाबामातील बर्मिंगहॅमचा. १९६३ साली समान हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेल्या शाळकरी मुलांवर याच शहरात पोलिसांनी कुत्री सोडली होती, पाण्याचे जोरदार फवारे मारले होते. त्या मुलांच्या पिढीला २८ वर्षांनी मैदानात धावण्याची परवानगी होती. मैदानाबाहेर उभे राहून डाव आखणारी खुर्ची मात्र मिळाली नव्हती.

आणि हेच मालक दबाव आला की काय करू शकतात, तेही त्याच महिन्यात दिसले. ॲरिझोना राज्यातील मतदारांनी नोव्हेंबर १९९० मध्ये डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या नावाची सुट्टी नाकारली होती. कृष्णवर्णीय समाजात संताप उसळला. मार्च १९९१ मध्ये संघमालकांनी मतदान करून १९९३ चा 'सुपर बोल' ॲरिझोनातून काढून घेतला. नोव्हेंबर १९९२ मध्ये तेथील मतदारांनी सुट्टी मंजूर केली आणि १९९६ चा सामना त्या राज्याला मिळाला. खेळात राजकारण आणू नये म्हणणाऱ्यांनी याचे उत्तर द्यावे. मालकांना अचानक उपरती झाली असे आम्ही मानत नाही. संघटित समाजाचा रोष परवडणार नाही, एवढे त्यांना कळले.

प्रशिक्षकांच्या बाबतीतही तेच घडले. २००२ साली जॉनी कॉकरन व सायरस मेहरी या वकिलांनी कृष्णवर्णीय प्रशिक्षकांवरील अन्यायाचा लेखाजोखा मांडला, कोर्टात खेचण्याचा इशारा दिला. त्यानंतर २००३ साली नियम आला की, मुख्य प्रशिक्षक नेमताना अल्पसंख्याक समाजातील उमेदवाराची मुलाखत घेतलीच पाहिजे. लक्षात घ्या, नियम मुलाखतीचा आहे, नेमणुकीचा नाही. दार किलकिले करायचे आणि पाहुण्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवायचे, ही युक्ती आमच्या वाचकांना नवी नाही. म्हणूनच २०२२ साली ब्रायन फ्लोरेस या प्रशिक्षकाला भेदभावाचा आरोप घेऊन न्यायालयात जावे लागले.

दुसरा मार्ग नव्हता काय? होता आणि तो याच लोकांच्या डोळ्यांसमोर होता. ग्रीन बे पॅकर्स हा अमेरिकन संघ १९२३ पासून सामान्य भागधारकांच्या मालकीचा आहे, कोणा एका धनिकाच्या खिशात नाही. जर्मनीत पायाने खेळायच्या फुटबॉलमध्ये क्लबच्या सभासदांकडे मतांचे बहुमत राहावे, असा सर्वसाधारण नियम आहे. म्हणजे लोकांना मालकी दिली तर खेळ बुडतो, ही निव्वळ थाप आहे. वर्ल्ड लीगने युरोपच्या लोकांना झेंडे दिले, टोप्या दिल्या, संघाचे गाणे दिले. फक्त मत दिले नाही. २०२१ साली 'युरोपियन लीग ऑफ फुटबॉल' ही नवी स्पर्धा निघाली. तिच्यातही फ्रँकफर्ट गॅलेक्सी होता आणि पहिल्याच वर्षी तो विजेता ठरला. पण ज्या शहराने ते नाव मोठे केले, त्या शहराच्या संघाला ते वापरण्यासाठीही अमेरिकेतील लीगचीच परवानगी घ्यावी लागली. नावसुद्धा लोकांचे नव्हते!

सहभाग आणि प्रतिनिधित्व यांतला फरक हा असा असतो. सभेला गर्दी करणे, टाळ्या वाजवणे, वर्गणी देणे, हा सहभाग झाला. सभा कधी भरेल, कशासाठी भरेल आणि कधी संपेल हे ठरवताना आपला हात वर असणे, हे प्रतिनिधित्व. पहिल्याचे कौतुक करून दुसरे नाकारणे हा प्रस्थापितांचा जगभरचा जुना डाव आहे. तो गावच्या जत्रेच्या समितीत खेळला जातो, साखर कारखान्यात खेळला जातो आणि वेम्बलीच्या हिरवळीवरही खेळला जातो.

तेव्हा बांधवांनो, यापुढे कोणी 'हे सर्वांचे आहे, या, सामील व्हा' असे निमंत्रण घेऊन दारात आला, तर त्याला पिटाळून लावू नका आणि लगेच त्याच्या मागेही जाऊ नका. त्याच्याकडून घटना मागून घ्या, मतदानाचे कलम उघडा आणि तेथे आपले नाव आहे का ते आधी वाचा.